चपला न काढता

“चपला बाहेर काढा, मावशी.”

डॉक्टर मान वर न करता बोलले. मी काढल्या. माझ्या आधीच्या बाई टॉवरमधल्या. त्या उंच टाचांच्या बुटांसकट आत गेल्या होत्या, खुर्चीत बसून आल्या होत्या. त्यांना ‘मॅडम’. मला खुर्चीसुद्धा दाखवली नाही. मी लालबागच्या चाळीतली. गार लादीवर अनवाणी उभी राहिले.

दादरचं खाजगी प्रसूतिगृह ते. वरच्या मजल्यावर माझी मुलगी रेश्मा. आठवा महिना. स्वाइन फ्लू फुप्फुसांत उतरलेला, नाकाला ऑक्सिजन. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ओटी भरून मीच तिला आणलं होतं.

हातात तिच्या रक्ताचा रिपोर्ट होता. ट्रोपोनिन हा शब्द मी त्या सकाळी पहिल्यांदा वाचला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं, एवढं सिस्टरने सांगितलं. म्हणाली, “सरांना लगेच दाखवा.” आकड्याशेजारी मर्यादा छापलेली असते. रेश्माचा आकडा तिच्या सहापट होता.

“हा एवढा का आलाय, डॉक्टर?”

“सांगून तुम्हाला कळणार आहे का?” त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. “दोन जिवांची बाई आहे, धाप लागणारच. दहा घरांत एक संडास, तिथले जंतू घेऊन यायचं आणि वर आम्हाला रिपोर्ट शिकवायचे.”

त्यांची असिस्टंट हसली. मी “सॉरी” म्हटलं. चपला घातल्या आणि वर गेले.

रेश्मा उशांना टेकून ग्लानीत होती. तिने डोळे उघडले तेव्हा दुपार झाली होती. ओठ काळपट.

“आडवं झालं की बुडल्यासारखं होतंय गो, आये. काय म्हणाले डॉक्टर?”

सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तो माणूस माझ्या पोरीच्या हृदयाबद्दल एक शब्द बोलला नव्हता. आमच्या संडासाबद्दल बोलला होता. आणि माफी मी मागितली होती.

मी परत खाली गेले. दार ढकललं.

“मावशी, चपला...”

“राहू देत. आणि मी मावशी नाही. तुमच्या पेशंटची आई आहे.” खुर्ची ओढून बसले. “मला नाही कळलं तरी चालेल. तुम्हाला कळलं असेल तर लिहून द्या. ट्रोपोनिन सहापट आहे, तरी हृदय तपासायची गरज नाही, असं. खाली सही करा.”

त्यांनी पेन उचललं. न लिहिताच खाली ठेवलं.

“आमच्याकडे हृदयाचे डॉक्टर नाहीत,” ते म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी हृदयाचं नाव काढलं.

मग अँब्युलन्स आली. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची सोनोग्राफी झाली. संसर्गाने हृदयाला सूज आली होती, ते निम्म्या ताकदीनेही चालत नव्हतं. ऑपरेशन करून बाळ काढलं. बाळ गेलं. रेश्मा वाचली. आता आमचा जिना चढताना मध्ये दोनदा बसते.

लोक म्हणतात, “एक जीव तरी राहिला, नशीब समज.” मी समजत नाही. सकाळीच हलवली असती तर बाळ जगलं असतं का, ते कुणीही ठामपणे सांगू शकत नाही. मीही सांगणार नाही. पण सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळी द्यायला हवं होतं. ते का दिलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

आता चाळीतली कोणतीही पोटुशी पोर तपासायला निघाली की मी सोबत जाते. चपला काढत नाही. उभ्याने बोलत नाही. रिपोर्ट टेबलावर ठेवते, आकड्यावर बोट ठेवते आणि विचारते. उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.