मोठ्या आईची बिनदुधाची बेकरी

आख्ख्या मलकापुरात ज्याच्या दंडात माझ्या मोठ्या आईने कधीच सुई टोचलेली नाही असा माणूस सापडला, तर तो परगावाहून आलेला आहे असं खुशाल समजावं. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सरकारी दवाखान्यात तिने उभं आयुष्य नर्स म्हणून काढलं, त्यामुळे गाव तिला सिस्टर म्हणायचं, आणि गाव म्हणतं म्हणून तिचा नवरा, म्हणजे आमचे मोठे बाबाही तिला सिस्टरच म्हणायचे. "सिस्टर, माहा चष्मा कुठी ठेवला?" असं ते घरभर ओरडत फिरायचे, आणि नवीन आलेला पाहुणा गोंधळून आमच्या तोंडाकडे बघत राहायचा. इतर नर्सबाया सुई टोचताना "दुखणार नाही हं" म्हणतात. मोठी आई तसलं खोटं कधी बोलली नाही. ती म्हणायची, "दुखीन. मंग?"  या "मंग?"पुढे भले भले पैलवान बाही वर करायचे.

अशा या बाईची एकच कमजोरी होती, ती म्हणजे बेकरी. दुपारी चार वाजले की तिला स्टेशन रोडवरच्या बेकरीतली खारी लागायची. शिवाय पॅटिस, नानकटाई, क्रीम रोल, आणि पगार झाला की चेरी लावलेली पेस्ट्री. खारी चहात बुडवण्याचं तिचं शास्त्र होतं. आमच्यापैकी कोणाची खारी तुटून कपात पडली, तर ती अशा नजरेने बघायची की जणू बाळंतिणीच्या खोलीत आम्ही चपला घालून शिरलो आहोत. निवृत्त झाल्यावर तिचे सगळे नेम सुटले, चारची खारी सुटली नाही.

मग ते पारड्याचं प्रकरण झालं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका गवळ्याच्या आईच्या पायाला जखम होती. मोठी आई रोज पट्टी बदलायला जायची. एके दिवशी गोठ्याजवळून जाताना तिला दिसलं की म्हैस एका पारड्याला चाटते आहे आणि पारडू मात्र जागचं हलत नाही. जवळ जाऊन बघते तर मेलेल्या पारड्याच्या कातड्यात कडबा भरून ते काठीच्या आधाराने उभं केलेलं. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून. म्हैस चाटत होती आणि बाजूला बादलीत धार पडत होती. मोठी आई घरी आली, हात धुतले, चुलीवरचा चहा उतरवला आणि मोरीत ओतून दिला. "आजपासून माह्यासाठी दूध बंद. लोणी, तूप, दही, समदं बंद."

"काऊन?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"तुमी हजार बाळंतपणं केली असती तं तुमालेही समजलं असतं काऊन," मोठी आई म्हणाली.  तिचा आवाज कापत होता, आणि तो मी पहिल्यांदाच कापताना ऐकत होतो.

माझ्या धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं की याला व्हीगन म्हणतात. मोठे बाबा कानाने अधू. त्यांनी विघ्न ऐकलं. पुढे शब्द नीट कळल्यावरही त्यांनी दुरुस्ती केली नाही. दारात कोणी आलं की ते सांगायचे, "आमच्या घरात विघ्न आलं हाय. बसा, माह्या कपात दूध हाय." स्वतः ते साय खाणारे गृहस्थ. त्यांनी सायीचा एक थेंब सोडला नाही आणि मोठ्या आईने एका शब्दाने त्यांना अडवलं नाही. भांडण मात्र रोज व्हायचं.

दूध सुटलं, पण चार वाजायचे थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोठी आई पिशवी घेऊन थेट बेकरीत गेली. मी सुटीला आलेलो, म्हणून सोबत होतो. बेकरीचा मालक सलीमभाई हा चांगला पन्नाशीचा, दाढी पिकलेला माणूस. पण मोठ्या आईला बघून तो उभाच राहायचा, कारण त्याचा जन्म तिच्या हातावर झालेला होता. "तुले पहिला फटका म्या मारला होता," ती त्याला गिऱ्हाइकांदेखत सांगायची. "रडतच नव्हता तू." त्या दिवशी तिने विचारलं, "सलीम, बिनलोण्याची खारी करून देशील काय?"

सलीमभाईचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तिला भट्टीच्या बाजूला बोलावलं आणि खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, तुमच्यासंग झूट नाई बोलत. आपल्या खारीत लोणी कधीच नव्हतं. अब्बाच्या टाइमपासून डालडाच हाय."

बाहेर पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'शुद्ध लोण्यातील खारी'. मोठ्या आईने बाहेर येऊन ती पाटी अक्षर न् अक्षर वाचून काढली. मला वाटलं आता सलीमभाईला दुसरा फटका बसणार. पण ती एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हंजे मी अर्ध्या जन्मापासून विघ्नच हाय की लेका!" मग हसू पुसून म्हणाली, "पाटी बदल." दुसऱ्या दिवशी पाटीवरचे 'शुद्ध लोण्यातील' हे शब्द रंगाने झाकलेले होते. खप काही कमी झाला नाही. कोणी वाचतच नव्हतं.

खारी आणि पॅटिस असे फुकटात वाचले, नानकटाई तुपाऐवजी डालड्यात आली, पण क्रीम रोल आणि केकने छळलं. क्रीमच्या डब्यावरची बारीक अक्षरं मोठी आई भिंगातून वाचायची आणि त्यात दुधाची भुकटी सापडली की चोर पकडल्यासारखी "हे पाह्य!" म्हणून ओरडायची. मग तिने सोयाबीनचं दूध काढायचं ठरवलं. "सारा जिल्हा सोयाबीन पेरते अन् एक माणूस त्याचं दूध पित नाई!" असा तिचा सवाल होता. एकही माणूस का पीत नाही, ते त्या दिवशी आम्हाला घरभर सुटलेल्या वासावरून कळलं. चहात घातलं तर चहा फाटला. अंडंही आता सुटलं होतं, त्याच्या जागी तिने जवस वाटून, भिजवून घातला. आमच्याकडे जवसाची चटणी होते, केक कधी कोणी केलेला नव्हता. पहिला केक मोठ्या बाबांनी दाराला टेकण म्हणून लावून पाहिला आणि "दार जागचं हालत नाई, चांगला झाला," असं प्रमाणपत्र दिलं. मोठी आई चिडली नाही. तिने तो केक दारातून उचलला, कडा कापल्या, आणि आमच्यासमोर बसून सगळा खाल्ला. चावताना तिचा जबडा दुखत होता हे आम्हाला दिसत होतं. "दुखते. मंग?" ती म्हणाली. नवव्या की दहाव्या खेपेला सलीमभाईच्या भट्टीत तो केक फुलला. सलीमभाईने तो स्वतः सायकलवर घरी आणून दिला, आणि मोठी आई चक्क त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडली.

खरी परीक्षा दोन वर्षांनी बुद्धपौर्णिमेला झाली. विहारात दर वर्षी महिला मंडळ खीरदान करतं, मोठा गंज, म्हणजे पातेलं भरून दुधाची खीर शिजते. मंडळाच्या बैठकीत मोठी आई म्हणाली, "यंदा शेंगदाण्याच्या दुधाची करू." अध्यक्षीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्याही काही कमी नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, सुजातेनं भगवंताले खीर देल्ली, ते का शेंगदाण्याची होती?"

"सुजातेच्या गाईचं वासरू जितं होतं," मोठी आई म्हणाली. "पहिलं शील रोज म्हणता ना तुमी, कोणत्या जिवाले दुखवणार नाई म्हणून? मी त आता त्याचा अर्थ लावून राह्यली."

पण हात वर करायची वेळ आली तेव्हा तिच्या बाजूने एकही हात वर गेला नाही. ज्या हातांना तिने सलाईन लावलं होतं ते सगळे हात मांडीवर पडून राहिले. ती उठली आणि म्हणाली, "ठीक हाय. तुमची खीर तुमी वाटा. मी फाटकापाशी माहा टेबल मांडते."

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली. पांढरी कडक साडी नेसून मोठी आई टेबलामागे उभी राहिली. समोर पॅटिस, नानकटाई आणि केकचे तुकडे. मी माश्या वारत होतो. लोक खिरीच्या वाट्या घेऊन जात होते, आणि आमच्या टेबलाजवळ आले की जमिनीकडे बघून पावलं उचलत होते. तिच्याकडचं खाल्लं तर मंडळाला राग, आणि मलकापुरात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळ्यांची तोंडं बघायची असतात. एकही जण आला नाही. मी हळूच म्हणालो, "मोठी आई, आवरू या का?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त परात एक वीत पुढे सरकवली.

तेवढ्यात मोठे बाबा आले. डाव्या हातात खिरीची वाटी होती आणि मिशीला खीर लागलेली. त्यांनी एक पॅटिस उचललं, उभ्याउभ्या सावकाश खाल्लं. फाटकातली गर्दी थबकली. अध्यक्षीणबाईंनी मोठ्या आशेने विचारलं, "कसं लागलं दादा?"

"मले नाई आवडलं," मोठे बाबा म्हणाले. मोठ्या आईची मान जराही वाकली नाही. "मले हिचं काहीच नाई आवडत. दोन वर्षापासून रोज भांडतो मी. पण तो हक्क माहा हाय. तुमी काऊन खाली पाहून जाऊन राह्यले बे? घरी ताप आला का हिलेच बलावता नं?" आणि नाही आवडलेल्या पॅटिसांपैकी दुसरं उचलून ते पुन्हा खायला लागले. खिरीची वाटी त्यांनी खाली ठेवली नाही, तीही संपवली.

मग आले लोक. सगळे नाही, पण आले. अध्यक्षीणबाई आल्या नाहीत. अर्धी परात घरी परत आली. पुढच्या वर्षी विहारात दोन गंज चढले, एक मोठा आणि एक लहान. लहान गंज संपला नाही. "संपन," मोठी आई म्हणाली. सलीमभाईने बेकरीत 'सिस्टरवाली' असा एक वेगळा ट्रे मांडला. त्यातली नानकटाई मधुमेहाचं औषध आहे असं कोणीतरी उठवलं आणि ती धडाक्याने खपू लागली, तेव्हा मोठी आई स्वतः दुकानात जाऊन गिऱ्हाइकांवर ओरडली, "औषध नाई हे! साखर हाय याच्यात, भरपूर!" खप पुन्हा खाली आला. खोट्यावर खपलेलं तिला नको होतं.

मोठे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. झोपेतच गेले. मोठी आई खचली नाही असं सगळे म्हणतात, म्हणजे त्यांनी तिला चार वाजता एकटीला बसलेलं पाहिलेलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला पुण्याला आणलं. डोळा बरा झाल्यावर मोठ्या हौसेने एका नव्या बेकरीत घेऊन गेलो. काचेमागे ओळीने सगळं मांडलेलं होतं. मोठी आई पदर खोचून, लढाईच्या तयारीने काउंटरपाशी गेली. "बाई, याच्यात दूध, लोणी, अंडं काय काय हाय ते सांग. खरं सांग."

काउंटरवरची मुलगी गोड हसली. "काहीच नाही आजी. आमच्याकडे सगळं व्हीगनच असतं."

मोठ्या आईने पॅटिस घेतलं, खाल्लं. चांगलं होतं, ती चांगलं म्हणालीही. मग तिच्या डोळ्यांत जुनी चमक आली, आणि ती मुलीला म्हणाली, "तिखट कमी हाय. पदर सुटले नाईत. सलीमच्या भट्टीतलं याच्याहून भारी असते."

"हो का आजी? सांगते मी त्यांना," मुलगी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मुलीने वादच घातला नाही; मोठ्या बाबांनी एवढ्यावर संध्याकाळपर्यंत भांडण केलं असतं. रांग पुढे सरकत होती. मोठी आई बाजूला झाली, तरी काउंटरची कड तिने हातातून सोडली नाही.