तारेतली खरखर आणि मामाच्या तेवीस वह्या

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांची वरखाली जायची सोय बघतो आणि संध्याकाळी स्वतः चार मजले जिना चढून घरी येतो, कारण त्याच्या इमारतीला लिफ्टच नाही. मागच्या खोलीत खिडकीला लागून त्याचं टेबल आहे. टेबलावर ट्रकच्या बॅटरीवर चालणारा रेडिओ, टिंब-रेघांच्या मोर्स लिपीचा खटका, स्क्रूंनी भरलेल्या बरण्या आणि गच्चीवरून खिडकीत उतरलेली एरियलची तार. एका नव्या भाडेकरूने ही तार कपड्यांची दोरी समजून तिच्यावर चादर वाळत घातली होती. मामाने त्याला काहीही म्हटलं नाही. उलट त्या दिवशी सिग्नल सुधारल्यासारखा वाटला, म्हणून चादरीचं माप लिहून घेतलं.

हौशी रेडिओवाले ही एक वेगळीच जमात आहे. हे लोक हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाला गाठतात आणि त्याला एवढंच विचारतात, ‘मी ऐकू येतोय का?’ तो म्हणतो, ‘हो, आणि मी?’ झालं. दोघेही कृतकृत्य.

मामाचा मात्र एक कायमचा माणूस होता. दोन समुद्र ओलांडून पलीकडे कुठेतरी राहणारा, मधमाश्या पाळणारा म्हातारा. सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला दोघं मोर्समध्ये दहा मिनिटं गप्पा मारत. मामी त्याला ‘माझी सवत’ म्हणायची. “सवत उठली का? तिला विचारा, नवऱ्याने भाजी कधी आणायची?”

“तुम्ही फोन का करत नाही एकमेकांना?” असं घरात प्रत्येकाने कधी ना कधी विचारलं होतं. मीही विचारलं होतं. एवढंच नाही, मी इंजिनिअरिंग शिकलेली असल्यामुळे एकदा उत्साहाने व्हिडिओ कॉल लावूनही दिला. म्हाताऱ्याला आमची भाषा येत नव्हती, मामाला त्याची. दोघांची मिळून एकच भाषा होती, मोर्सची दोन-तीनशे लघुरूपं, आणि ती तोंडाने बोलता येत नाहीत. चार मिनिटं दोघं एकमेकांकडे बघून हसत बसले. म्हाताऱ्याने मधमाश्यांची पेटी दाखवली. मामाने घाईघाईत हाताला लागला तो पाना दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांपैकी कुणीही त्या प्रकाराचा उल्लेख केला नाही.

म्हणजे रेडिओ गेला तर मित्र गेला, इतका सरळ मामला होता. आणि तो जायला आला होता.

वीज कंपनीने आमच्या भागात विजेच्या तारांमधूनच इंटरनेट द्यायला सुरुवात केली. घरातल्या प्लगमध्ये डबी खोचली की इंटरनेट हजर. लोक खूश. पण विजेची तार बनवलेली असते वीज वाहायला. तिच्यातून इंटरनेट सोडलं की ती स्वतःच एरियल होऊन बसते आणि ते सगळं आजूबाजूला सांडत सुटते. सांडतं ते नेमकं शॉर्टवेव्हवर, जिथे मामा आणि त्याचा म्हातारा राहत होते. मामाच्या रेडिओत रात्रंदिवस कढईत काहीतरी तळत असल्यासारखी खरखर सुरू झाली. म्हाताऱ्याकडे पाच वॅटचा प्रक्षेपक, म्हणजे फ्रिजमधल्या दिव्यापेक्षा कमी ताकद. तो त्या कढईत बुडाला.

मामाने शेजाऱ्यांना विनंती करून पाहिली. “सकाळी दहा मिनिटं फक्त, ती डबी काढून ठेवाल का? माझा मित्र ऐकू येत नाही.”

“कुठे असतो मित्र?” खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर म्हणाले.

“परदेशात.”

“मग आमच्या डबीवरून फोन लावा की!”

रेडिओवाल्यांच्या क्लबनेही निषेधाचा ठराव केला. क्लबात अकरा सभासद, सरासरी वय अडुसष्ट. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करू शकले असते ते दोघं झोपले होते.

शेवटी मी कंपनीकडे तक्रार लिहून दिली. तांत्रिक भाषेत, आकृत्यांसकट. अडीच महिन्यांनी एक बाई मीटर घेऊन आल्या. चार मजले चढून दमल्या होत्या, पण माणूस कामाचा होता. त्यांनी खिडकीत एरियल धरलं, घराचा मेन स्विच बंद करायला लावला आणि बराच वेळ आकडे बघितले.

“गळती आहे,” त्या म्हणाल्या. “पण मर्यादेच्या अगदी काठावर. अशा वेळी आम्ही वापरणाऱ्याची नोंद बघतो. काही लिहून ठेवलंय का?”

मामाचा चेहरा उजळला. या प्रश्नाची तो जन्मभर वाट बघत होता. त्याने कपाटातून तेवीस वह्या काढून टेबलावर रचल्या. तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी, त्याने दिलेला रिपोर्ट, मिळालेला रिपोर्ट. एकही दिवस चुकलेला नाही.

बाईंनी शेवटची वही उघडली. “हे पाच-नऊ-नऊ म्हणजे काय?”

“रिपोर्ट. पहिला आकडा, किती समजतंय. दुसरा, सिग्नल किती जोरात. तिसरा, सूर किती स्वच्छ.”

“आणि सगळ्यात चांगला रिपोर्ट कुठला?”

“पाच-नऊ-नऊ.”

“हे कालचं. तुम्ही त्यांना पाच-नऊ-नऊ दिलंय.” त्यांनी पान उलटलं. “परवा, पाच-नऊ-नऊ. मागच्या महिन्यात रोज पाच-नऊ-नऊ. काका, तुमच्याच अक्षरात लिहिलंय की सगळं उत्तम ऐकू येतंय. मग तक्रार कशाची?”

 मामी दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

“ते तसंच देतात,” मामा म्हणाला.

“कोण?”

“सगळेच! समोरच्याला तोंडावर कसं सांगायचं, तुझं काही ऐकू येत नाही म्हणून? तो बिचारा आधीच पाच वॅटवर धडपडतोय!”

खरंच तसं आहे. जगभरचे रेडिओवाले एकमेकांना डोळे मिटून पाच-नऊ-नऊ देतात. लग्नाचा अल्बम बघून सगळे ‘छान आलेत फोटो’ म्हणतात, तसं. मी स्वतः ऐकलंय, मामाने एकाला पाच-नऊ-नऊ दिलं आणि लगेच म्हणाला, ‘नाव परत सांग, गाव परत सांग, आणि तू नक्की कोण?’

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते नोंदवहीत घेतलं नाही. “पंधरा दिवस खरं लिहा,” त्या म्हणाल्या. “सोळाव्या दिवशी मी सकाळी येऊन स्वतः ऐकते. नोंद आणि माझं ऐकणं जुळलं, तर तुमच्या फ्रीक्वेन्सींचा तेवढा पट्टा आमच्या यंत्रणेतून वगळता येतो. नाहीतर फाइल बंद.”

त्या गेल्यावर मामी म्हणाली, “त्यात काय एवढं? वहीत खरं लिहा, त्याला पाच-नऊ-नऊ सांगा.”

“वहीत एक आणि हवेत एक?” मामा जवळजवळ ओरडला. “पाठवलं तेच लिहायचं असतं!”

“सत्तावीस वर्षं थापा मारल्यात, पण अक्षर सुवाच्य. वा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने खटक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग पाठवलं, दोन-दोन-नऊ.  मग खरखरीतून फक्त एक प्रश्नचिन्ह आलं. मामाने पुन्हा पाठवलं, दोन-दोन-नऊ, आणि जोडलं, ‘खरखर माझ्याकडे आहे, दोष तुझा नाही.’ म्हाताऱ्याने निरोपाचं लघुरूप पाठवलं आणि गेला. दहा मिनिटांच्या गप्पा दीड मिनिटात संपल्या.

पुढचे तीन दिवस म्हातारा आलाच नाही.

मामाने त्या तीन दिवसांत कामावर जे केलं, ते त्याच्या साहेबांनी नंतर घरी येऊन सांगितलं. एका ऑफिसच्या लिफ्टमधली बटणांची पाटी त्याने एक घर सरकवून बसवली. तीन दाबलं की चौथा मजला, चार दाबलं की पाचवा. अर्ध्या दिवसात माणसं भलत्याच टेबलांवर जाऊन बसली आणि त्यांतल्या दोघांच्या कामात तर कुणाला फरकही जाणवला नाही.

“त्याला राग आलाय,” मामा म्हणायचा. “मी त्याला तोंडावर सांगितलं ना.”

“मग सांगा खोटं,” मामी म्हणायची.

“आणि फाइल बंद झाली तर? मग खोटं सांगायला तरी ऐकू येणार आहे का तो?”

चौथ्या दिवशी म्हातारा परत आला. ‘नवीन एरियल लावलं. आता कसं?’ मामाने कान टवकारले, डोळे मिटले, आणि पाठवलं, दोन-दोन-नऊ. दोन दिवसांनी, ‘केबल बदलली. आता?’ दोन-दोन-नऊ. मग त्याने अर्थिंग खणून काढलं. मग प्रक्षेपक उघडला. मामा रोज कळवायचा, दोष माझ्याकडे आहे, आणि म्हातारा रोज पाठवायचा, ‘तू सभ्य आहेस म्हणून म्हणतोस.’ सत्तावीस वर्षांच्या सभ्यपणाची फळं होती ती. पलीकडचा तो म्हातारा एका आकड्यापायी आपलं अख्खं स्टेशन मोडत चालला होता आणि मामा इकडे एका फाइलपायी त्याला ते मोडू देत होता. वहीत मात्र सगळं खरं उतरत होतं.

सोळाव्या दिवशी सव्वासहाला बाई आल्या. मामाने त्यांना हेडफोन दिला. त्यांनी चार मिनिटं ऐकलं.

“कुणी बोलतंय का यात?” त्या म्हणाल्या.

मामा कागदावर भराभर अक्षरं लिहीत होता, मध्येमध्ये रिकाम्या जागा सोडत. “हो, चालू आहे त्याचं.”

बाईंनी हेडफोन काढला, त्या रिकाम्या जागांकडे बघितलं आणि नोंदीखाली सही केली. “माझ्या आजोबांशी फोनवर बोलल्यासारखं वाटलं,” एवढंच म्हणाल्या.

आठवड्याने एका सकाळी खरखर थांबली. हळूहळू नाही, एकदम. मामाला वाटलं रेडिओ बिघडला. मग त्या शांततेतून म्हाताऱ्याचा सूर आला, बारीक पण लख्ख. मामाने मला हाक मारली, मामीला हाक मारली, पेन्सिल उचलली आणि लिहायला लागला.

आणि रिकाम्या जागा तशाच राहिल्या.

मी बघत होते. एक अक्षर अर्धवट. पुढचं तीनदा आलं. टिंबांच्या जागी रेघा, रेघांमध्ये खळगे. ज्या टिंबांना इतके महिने खरखरीने खाल्लं असं मामा समजत होता, ती मुळात निघतच नव्हती.

“रेडिओच बिघडलाय का?” मामी म्हणाली.

“रेडिओ ठीक आहे,” मामा म्हणाला. “हात बिघडलाय त्याचा.”

त्याने स्वतःच्या वेगाचं बटण फिरवलं. मिनिटाला वीस शब्दांवरून आठवर आणलं, शिकाऊ माणूस पाठवतो त्या वेगावर. नमस्काराची दोन अक्षरं त्याने इतकी सावकाश पाठवली की मीसुद्धा मोजू शकले. रेडिओवर एक रीत असते, समोरचा ज्या वेगाने पाठवेल त्या वेगाने उत्तर द्यायचं.  मग म्हाताराही सावकाश सुरू झाला. थरथर होतीच, पण आता तिला जागा मिळत होती. अक्षरं पूर्ण येऊ लागली.

मामाने लिहिलेलं मी खांद्यावरून वाचलं. ‘हिवाळ्यापासून हात असा. तू दोन दिलेस. वाटलं, तुला कळलं. म्हणून ते लपवायला एरियल एरियल करत बसलो.’

मामाने उत्तर पाठवलं, ‘मला काहीच कळलं नव्हतं. मी बहिरा होतो.’ मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने विचारलं, ‘माश्या कशा आहेत?’

माश्यांचं उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. माश्या खूप होत्या.

सव्वासात झाले. साडेसात झाले. आठला पंचवीस मिनिटं असताना फोन वाजला. साहेब होते. मामीने उचलला.

“लिफ्टमध्ये कुणी अडकलंय का?” तिने विचारलं.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“मग येतील हो सावकाश. आत्ता राणीमाशी चाललीय.”