कमला डेकाटेचा कागद

सिंदी मेघेच्या त्या गल्लीत भोयरांच्या उज्वलाबाईंना औषधाची गोळी घेताना कुणी पाहिलेलं नाही. अंग तापलं तर गुळवेलीचा काढा, डोकं दुखलं तर कपाळावर आवळून बांधलेली पट्टी, दात ठणकला तर लवंग, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर दार लावून पडून राहणं. शेजारणींनी त्यावर केव्हाच निकाल देऊन टाकला होता, "बाईले डॉक्टरचं भेव लागते." बाई हसून सोडून देत. पंचवीस वर्षांत त्यांची निम्मी शक्ती त्या हसण्यातच गेली असेल.

भेव डॉक्टरचं नव्हतंच. सतरा वर्षांची असताना, हिंगणीला माहेरी, पायात काटा मोडून पाय सुजला म्हणून वडिलांनी, लहानूजी डेकाट्यांनी, तिला बाजाराच्या गावी एका डॉक्टरकडे नेलं. त्याने पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं. अंगाला सोसतं की नाही ते पाहायला आधी कातडीखाली थेंबभर टोचतात, तो टेस्ट डोस. त्या थेंबानेच पोर आडवी झाली. ओठ सुजून उलटले, अंगभर गांधी उठल्या, घसा आतून मिटत गेला. श्वास घ्यायचा म्हटलं की छातीत काहीतरी अडायचं, आणि ओरडायला आवाज नव्हता. लहानूजी वांगी विकायला आले होते. वांग्यांची पोती रस्त्यावर ढकलून त्यांनी त्याच गाडीत लेकीला टाकलं आणि मोठा दवाखाना गाठला. तीन दिवसांनी ती उठून बसली. निघताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लाल शाईने लिहून दिलं: या मुलीला पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातलं कोणतंही औषध देऊ नये, टेस्ट डोससुद्धा नको, जिवाला धोका आहे. "हा कागद जन्मभर जवळ ठेव," त्या म्हणाल्या. कागदावर नाव होतं कमला लहानू डेकाटे.

कागद जन्मभरासाठी होता, आणि नाव टिकलं चार वर्षं.

भोयरांकडे एक कमला आधीच होती, नवरदेवाची थोरली बहीण. एका घरात दोन कमला झाल्या तर हाकेला ओ कुणी द्यायची, असा सासूबाईंचा, मंदाबाईंचा, बिनतोड सवाल. नवरदेवाने, मधुकररावांनी, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव काढलं, उज्वला. बायकांनी वाकून वाचलं, पेढे वाटले गेले, आणि कमला डेकाटे सगळ्यांच्या देखत संपली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिलाही नाही, नाव छान होतं. पण आपण तिला कमलाच म्हणू, कारण गोष्ट कमलाची आहे.

लहानूजींनी सोयरिक जुळवताना त्या टेस्ट डोसची गोष्ट गिळून टाकली होती. "औषध सोसत नाई असं कळलं तं दुखणाईत पोरगी म्हणतीन," त्यांनी लेकीला बजावलं, "तू तोंड उघडजो नको." तिने कागदाची घडी कुंकवाच्या करंड्याखाली ठेवली आणि तोंड मिटलं. चूक होती का? होती. पण एकवीस वर्षांच्या पोरीने बापाचं ऐकलं, यात तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

बाळंतपणाला ती माहेरी आली. रोशनी झाली. बाळंतिणीला तीन दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायचं असं दवाखान्यात लिहिलं गेलं, नेमकं त्याच घराण्यातलं. मंदाबाई नातीला मांडीवर घेऊन खाटेशीच बसलेल्या. त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. कमलाच्या आईने तिथल्या मेश्राम सिस्टरला व्हरांड्यात गाठलं आणि तिचे हात धरून सगळं सांगितलं. सिस्टर भली बाई. सहाही वेळा ती सुई भरून पडद्याआड आली, औषध मोरीत सोडलं, कमलाच्या दंडाला नुसता कापूस चोळला, आणि विहीणबाईंना शंका नको, औषधाचा हिशेबही जुळावा, म्हणून कार्डावर लिहिलं: दिलं, त्रास नाही. असं सहा वेळा.

जीव वाचला. कार्ड मात्र मधुकररावांच्या हाती गेलं.

मधुकरराव शाळेत बाबू. माणूस वाईट नाही, पण कागदावाचून त्यांना सूर्य उगवल्याचंसुद्धा पटायचं नाही. रेशनकार्डापासून कुकरच्या गॅरंटीपर्यंत सगळं त्यांच्या निळ्या फोल्डरमध्ये तारीखवार. सासूबाई गेल्यावर कमलाने एकदा धीर करून नवऱ्याला सगळं सांगितलं आणि करंड्याखालचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, उठले, फोल्डर आणलं आणि बाळंतपणाचं कार्ड शेजारी ठेवलं.

"हे पाय. सहा डोस. त्रास नाई."

"ते दिलेच नाई म्हणून तं सांगून राह्यली मी. सिस्टरनं नुसतं लिहिलं."

"मेश्राम सिस्टरसारखी बाई खोटं लिहीन? सहा डाव? अन् हा कागद तं कमला डेकाटेचा हाये."

"मंग मी कोण हावो?"

"तू तेच. मले मालूम हाये. पण कागदावर कुठं लिहिलं हाये तसं?"

ती चहा ठेवायला आत गेली आणि ओट्याशी उभी राहून रडली. त्या दिवसापासून तिला एकच धास्ती होती, की आपण बेशुद्ध पडलो तर हा भला माणूस धावत दवाखान्यात नेईल, निळं फोल्डर उघडेल आणि डॉक्टरांना खात्रीने सांगेल की हिला काही होत नाही.

ती वेळ यंदा आली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. दोन वेळा दुखून राहिलं, दोन्ही वेळा ती अंगावर काढून घरीच पडली. तिसऱ्या वेळी खडा नळीत उतरला, डोळे पिवळे झाले आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता घरी नेलं तर बाई हाती लागणार नाही. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नाव घातलं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, आणि योजनेचं नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. भरतीच्या खिडकीशी कमला पोट धरून वाकलेली, आणि मधुकरराव फोल्डर उघडून एकेका प्रश्नाला उत्तर देत होते.

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"नाई," मधुकरराव म्हणाले आणि कार्ड पुढे सरकवलं.

तेवढ्यावर सगळं ठरलं. मनगटावर पट्टी आली, उज्वला मधुकर भोयर. फाइलमध्ये या उज्वलेला काहीही सोसत होतं. ती धट्टीकट्टी, बिनतक्रार बाई होती, आणि कमलाला आता तिच्या शेजारी निजावं लागत होतं.

वॉर्डात एक पोरगेलासा डॉक्टर आला तेव्हा तिने जुना कागद त्याच्या हातात दिला. लेक रोशनी जवळ उभी होती. तिला ही सगळी हकिगत आठवड्यापूर्वीच कळली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं भेव अजून ओसरलेलं नव्हतं.

"हे कोण, कमला डेकाटे?" डॉक्टर म्हणाला.

"मीच. माहेरचं नाव."

त्याने कागद पाहिला, फाइल पाहिली. वाईट वागला असं म्हणता येणार नाही, अगदी काकू-काकू करत बोलला. "काकू, त्यानंतर तुमचे सहा डोस झालेत. लहान वयात एखाद्याला होतं, पुढे राहत नाही. आणि आपण एकदम देणार नाही, आधी टेस्ट डोस घेऊ."

"टेस्ट डोसनंच पडलती मी, साहेब. अन् ते सहा डोस दिले नाई. सिस्टरनं नुसते लिहिले."

तो हसला. "न देता दिलं असं कुणी लिहितं का? घाबरू नका. टेस्ट डोस ऑपरेशनच्या खोलीजवळच देऊ, तिथे सगळी सोय आहे." जाताना त्याने फाइलमध्ये इंग्रजीत काहीतरी टिपलं. रोशनीने वाकून वाचलं.

"काय लिहिलं?"

"पेशंट घाबरलेली आहे म्हणते."

कमलाने डोळे मिटले. ऑपरेशन नको म्हणावं तर खडा जीव घेणार, करू द्यावं तर सुई. खरं सांगावं तर घाबरट, आणि गप्प राहावं तर ती फाइलमधली बाई तिच्या वतीने बोलणार. तिला संताप आला होता, बापाचा, नवऱ्याचा, त्या गोड बोलणाऱ्या पोराचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. घसा मिटत असताना सतराव्या वर्षी जसा आवाज फुटत नव्हता, तसंच आता धडधडीत बोलूनही होत होतं.

दुसऱ्या सकाळी शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं आणि पाच मिनिटांत परत आणलं. दारात नाव विचारलं, तर म्हातारीने घरचं लाडाचं नाव सांगितलं, ते पट्टीवरच्या नावाशी जुळेना. मग काय, दोन सिस्टर धावल्या, एक डॉक्टर आला, फाइल पुन्हा पाहिली, म्हातारीच्या लेकाला बोलावलं. तोवर कुणी तिच्या अंगाला हात लावला नाही. वॉर्ड हसत होता. कमला हसली नाही. ती उशीला टेकून बसली आणि खूप वेळ आपल्या मनगटाकडे पाहत राहिली.

मग तिने रोशनीला जवळ बोलावलं. "तो कागद मोबाईलच्या कव्हरात ठेव. दाराहून हलजो नको. बोलावलं की धावत येजो."

"काऊन आई? काय करून राह्यली तू?"

"काई नाई. तू फक्त येजो."

बाराच्या सुमारास तिला नेलं. ऑपरेशनच्या खोलीअलीकडे एक थंडगार खोली होती. हिरवे कपडे, छतावर पांढरा दिवा, बाजूला ट्रे. ट्रेमध्ये बारीक सुई भरून ठेवलेली. त्यात काय आहे ते तिला विचारावं लागलं नाही. सिस्टरने फाइल उघडली आणि न पाहताच म्हटलं, "नाव सांगा, काकू."

योजना गेली तर? खोटं बोलली म्हणून परत पाठवलं तर? नवऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. तिने जिभेने ओठ ओले केले.

"कमला लहानू डेकाटे."

सिस्टरने मान वर केली. "काय?"

"कमला. बापाचं नाव लहानू. डेकाटे. हिंगणीची."

सिस्टरने पट्टी पाहिली, फाइल पाहिली, पुन्हा पट्टी. "पेशंट कोणती आणलीय?" ती दाराकडे ओरडली. आतून भूल देणाऱ्या मॅडम आल्या, वॉर्डबॉय आला, तो पोरगेलासा डॉक्टर आला. "ह्याच उज्वला भोयर आहेत," तो म्हणत होता, "काल मी स्वतः बोललोय." मॅडमनी हाताने त्याला थांबवलं.

"बाई, तुमचं नाव काय?"

"माह्या पोरीजवळ कागद हाये, मॅडम. तो एकदा वाचा. मंग तुम्ही म्हणसान ते नाव सांगतो."

रोशनी धावत आली. मॅडमनी कागद दिव्याखाली धरला. पंचवीस-तीस वर्षांची लाल शाई तपकिरी पडली होती, पण वाचता येत होती. त्यांनी वाचलं आणि मग कमलाकडे पाहत सगळं विचारलं: कधी, किती वेळाने, घसा मिटला का, कार्डावरच्या सहा डोसांचं काय. ती सांगत गेली आणि त्या ऐकत राहिल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ते कार्ड बाजूला ठेवून तिचं ऐकलं. सांगता सांगता तिला हुंदका आला.

"ट्रे उचला," मॅडम म्हणाल्या. "औषध दुसरं." फाइलच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लाल पेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं. पोरगेलासा डॉक्टर खाली मान घालून उभा होता.

ऑपरेशन झालं. कमला शुद्धीवर आली तेव्हा मधुकरराव स्टुलावर बसले होते. त्यांना मॅडमनी बाहेर बोलावून काय सांगितलं कोण जाणे. पण फोल्डर बंद होतं, आणि ते तिच्या पायांवरचं पांघरूण उगाच पुन्हा पुन्हा सारखं करत होते.

चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. तिघं खिडकीसमोरच्या खुर्च्यांवर बसली. लाल अक्षरांचा पुठ्ठा दवाखान्यातच राहतो. घरी नेतात तो संगणकातून छापून आलेला कागद. रोशनीने तो वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. औषधांची ॲलर्जी: नाही. ती खिडकीशी जाऊन भांडली. खिडकीतल्या माणसाने दुसरा कागद छापून दिला. त्यावरही तेच. "भरतीच्या वेळी जे भरलं तेच येतं," तो म्हणाला, "सही करून घेऊन जा. पुढचे पेशंट थांबलेत." आणि माइकवर हाक दिली, "उज्वला मधुकर भोयर!"

कमला बसून राहिली.

"उज्वला मधुकर भोयर!"

मधुकररावांनी तिला हळूच कोपर लावलं. "अवं, तुलेच बोलावून राह्यले. उठ, सही कर."

"नाई," कमला म्हणाली. टाके ओढत होते, म्हणून आवाज बारीक निघाला, पण निघाला. "त्या बाईले काई होत नाई. मले होते. माहा कागद मांगा."

मधुकरराव उठले. मग त्यांनी निळं फोल्डर खुर्चीवर ठेवलं, रोशनीच्या हातातून तो तपकिरी पडलेला एकच कागद घेतला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.