परत केलेली ओटी

कुरुंद्याच्या हळद कारखान्यात पारुबाईनं सोळा वर्षं हळकुंडं निवडली. किडकं हळकुंड तिच्या नजरेतून सुटायचं नाही. माणसांच्या बाबतीत मात्र ती भोळी, असं तांड्यावर सगळे म्हणायचे. गेल्या महिन्यात शेठनं निवडणीचं मशीन आणलं आणि निवडणीच्या अठरा बायांची गरज उरली नाही. काढणार हे उघड होतं. कसं काढणार, एवढंच कळायचं राहिलं होतं.

ते शुक्रवारी कळलं. शेठनं सगळ्या बायांचा मान करायचा ठरवला. सतरंजी अंथरली, चहा ठेवला, ओटी भरायला खुद्द शेठच्या आई पार्वतीबाई आल्या. ज्या माणसानं सोळा वर्षांत पाण्याचा माठ कधी वेळेवर भरला नाही, त्याला एवढा उमाळा कुठून आला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आणि सवाष्ण बाई ओटीला नाही कशी म्हणणार? शेठला हे पक्कं ठाऊक होतं. ओटी घ्यायची, मॅनेजर विजयकुमारपुढच्या कागदावर सही करायची आणि घरी जायचं.

पण पारुबाईची सून निता सोमवारीच हिंगोलीला कामगार कार्यालयात जाऊन आली होती. तिनं सासूला समोर बसवून तीनदा सांगितलं होतं, "आत्याबाई, त्यानं काढलं तर महिन्याची नोटीस, न्हाई तर महिन्याचा पगार. वरून एका वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. पण तुमीच काम सोडलं असं लिहून दिलं, तर ह्यातलं काईच न्हाई." सोळा वर्षांचा दोनशे चाळीस दिवसांचा पगार होत होता. पारुबाईचा नवरा गुलाबसिंग पाठीमुळं अंथरुणाला खिळला होता, त्याचं ऑपरेशन तेवढ्यावरच अडलं होतं.

सगळ्यांत जुनी म्हणून पहिलं नाव पारुबाईचं. सवयीनं तिचा पदर पुढं झाला. पार्वतीबाईंनी कुंकू लावलं, तांदूळ, खण, नारळ घातला, तिच्या गालावरून हात फिरवला. पारुबाईला भरून आलं, खोटं कशाला बोलायचं!

विजयकुमारनं कागद सरकवला. "इथं सही कर."

"काय लिव्हलंय, साहेब?"

"काई न्हाई, रिवाज हाय."

"मंग वाचा की."

त्यानं शेठकडं पाहिलं आणि घाईघाईत वाचलं, "मी घरगुती अडचणीमुळे राजीखुशीने काम सोडत आहे. माझी कोणतीही मागणी नाही."

पारुबाईनं कागद परत सरकवला. "मी कुठं सोडून राहिले? तुमी काढून राहिले. तसं लिवा आन् नोटीस द्या."

शेठ हसला. "ओटी तर घेतलीस. आता सही न्हाई म्हणती का?"

लबाडानं बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. ओटी ठेवायची तर सही करावी लागणार, आणि घरी नवरा आजारी असताना भरलेली ओटी परत करायची म्हणजे त्याच्या जिवावर अपशकुन. पारुबाई घाबरली, अगदी आतून घाबरली. तिनं मनात जगदंबेचं नाव घेतलं. मग नारळ टेबलावर ठेवला, खण ठेवला आणि पदर झाडला. तांदूळ विजयकुमारच्या कागदांवर सांडले.

"पारू, नवऱ्याचा तरी इचार कर!" पार्वतीबाई ओरडल्या.

"त्याइचाच करून राहिले, बाई. त्याइच्या पाठीचं आपरेशन नारळानं होते का?"

सतरा बाया कान टवकारून ऐकत होत्या. शेठला हिला आधी तिथून घालवायचं होतं. "हिची नोटीस काढा," तो विजयकुमारवर खेकसला, "आन् दुसरीला बोलवा."

दुसरी रूपाबाई. ती मघापासून पदर पसरूनच उभी होती. पार्वतीबाईंनी टेबलावरचा नारळ उचलला आणि तिच्याकडं वळल्या. रूपाबाईनं पारुबाईकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं आणि पसरलेला पदर कमरेला गच्च खोचला.