अक्काची कांडी आणि जावेची ओवी

मुलांनो, तुम्ही दोघांनी पाठवलेली, वायरी डाग देऊन जोडायची गॅसची सोल्डरिंग कांडी मी कशी पेटवली, ते विचारलंत. खरं सांगायचं तर ती माझ्या धाकट्या जावेनं पेटवली.

तिच्या नातीची हळद होती, अहमदपूरला. घशाच्या ऑपरेशननंतर जावेचा आवाज अगदी बारीक झालाय. तरी जात्यावरच्या ओव्या आपणच म्हणायच्या, असा तिचा हट्ट. त्यासाठी तिनं मुद्दाम बॅटरीवरचा छोटा स्पीकर आणि माईक मागवला होता. ऐन हळदीच्या सकाळी माईकची वायर पिनेपाशी तुटली आणि लाईटही गेली. मांडववाल्याची विजेची कांडी बसली गप्प.

"अक्का, आता मुक्यानंच हळद लावू का?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे भरले होते.

माझ्या पिशवीत तुमची कांडी होतीच. बसस्टँडसमोरून लायटरच्या गॅसचा डबा मागवला. मागच्या अंगणात बसून, चष्मा लावून, सूचनांचा इंग्रजी कागद ओळीनं वाचला. तरी पहिल्यांदा डबा उभाच धरला, बाटलीत तेल ओतावं तसा. सगळा गॅस बाहेर. मग वास जाईपर्यंत थांबले, डबा उलटा धरून भरला, पुन्हा पाच मिनिटं थांबले. कांडीची गॅसची चावी पूर्ण उघडली. टक्. टक्. ठिणगी दिसे, पेट घेईना. टोक स्वच्छ पुसलं. टक्. काही नाही.

"कागद काय म्हणतो?" जावेनं विचारलं.

"सगळं बरोबर आहे म्हणतो."

"मग त्यालाच पेटवा!"

बायका खिदळल्या. जाऊ मात्र कान देऊन ऐकत होती.

"अक्का, किती सू सू करून राहिलंय ते! लई सोडून राहिल्या तुम्ही. वाऱ्यात काडी पेटती का? इझतीच की. जरा कमी करा."

चाळीस वर्षं पंपाचा स्टोव्ह पेटवून मला जोर लावायची सवय. चावी जवळजवळ बंद केली. सू सू अगदी बारीक झालं, जावेच्या आवाजासारखं.

टक्. पेटली!

कागदावर ते लिहिलेलं होतं, बरं का, पाठीमागच्या बाजूला. मी कागद उलटलाच नव्हता.

दोन मिनिटांत टोक तापलं, वायर जोडली, पिनेवर टेप गुंडाळली. जावेनं माईकमध्ये फुंकर मारली, आणि साऱ्या मांडवात वारा सुटला. नवरीच्या गालाला हळद लावत तिनं सुरू केलं:

"पहिली माझी ओवी गं, अक्काच्या कांडीला,
इंग्रजीत रुसली, मराठीत आली गोडीला!"

हळदीचा हात तोंडावर धरून मी हसले. म्हणूनच सोबतच्या फोटोत मला पिवळ्या मिशा आहेत.