तार आख्ख्या गावाला, गवं काकाच्या उसात

मावशीचा फोन आला तवा मी शाहूपुरीत दुकानात एका मोबाइलला स्क्रीनगार्ड चिकटवत हुतो. "सुम्या, काकानं मशीन केलंय बघ. ट्रॅक्टरच्या मागं लावलं की कुंपणाच्या तारंच्या जाळीचं बंडल आपोआप सुटतंय. आख्खं गाव वापरतंय. आमी सोडून." आणि हसली. ते हसणं काय मला पटलं न्हाय. मालकाला सांगितलं, मावशीला ताप आलाय, आणि शनवारी सकाळी गाडी काढली. (मालक वाचत असतील तर: आलता की, उतरला.)

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. रंकाळ्याकडनं हळदी, परिते, भोगावती करत राधानगरी. दुचाकीला दीड तास धरा. कारखाना चालू असला तर दोन, कारण उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं त्यांच्या टेपवरची गाणी ऐकत जायला लागतंय. दोनशेचं पेट्रोल टाकलं की जाऊन येऊन उरतंय. गाडी नसली तर रंकाळा स्टँडवरनं एसटी हाय. भोगावतीला गरम वडा खावा, पण चटणी बेतानं. माझं कान दुपारपतोर लाल हुतं. धरणाच्या फुडं रेंज जाते, घरी फोन आधीच करून ठेवा. गावाचं नाव मुद्दाम देत न्हाय, नावं पण बदललीत. कारण फुडं कळंल.

काका आधी एका वर्कशॉपात वेल्डिंग करायचा. आता जंगलाला लागून दीड एकर ऊस. गेल्या गेल्या म्हटलं, "काका, मशीन दाव."

"हितं न्हाय ते," म्हणाला, आणि चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर चित्र काढाय बसला. मोडक्या रोटाव्हेटरची चौकट, तिच्यावर ट्रकचा जुना अॅक्सल उभा, खाली बेअरिंग, बाजूला जीपचा ब्रेक. सगळं भंगारातलं. बंडल अॅक्सलवर उभं बसवायचं, जाळीचं टोक खांबाला बांधायचं, ट्रॅक्टर हळू फुडं. बंडल मोकाट फिरू नये म्हणून ब्रेक जरा दाबून धरायचा, की जाळी ताठ येते. जे बंडल लोळवायला चार गडी लागायचे, ते आता दोघांत हुतंय.

"मग मशीन कुठाय?"

"तात्यांच्या ट्रॅक्टरला. गावात ट्रॅक्टर त्यांचाच न्हवं का. मानापरमाणं फिरतंय. पयलं पाटील, मग सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग भावकी."

"आणि तुझा मान?"

"माझा कसला मान? मी केलंय न्हवं."

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. न्हाय, खरंच म्हणत हुता!

मावशीनं शेताकडं नेलं आणि माझं डोकंच सटकलं. डावीकडं सगळ्यांना तार. उजवीकडं सगळ्यांना तार. मधी काकाचा ऊस, नुसतं खांब रोवलेला, आणि जाळीची चार बंडलं बांधावर कागदाखाली पडलेली. गव्यांना दुसरं काय पायजे? आधी वर्षातनं दोनदा उतरायचे आणि गावभर पांगायचे. आता बाकीची दारं बंद झाली, तर कळप सरळ काकाच्यात.

"परवा नऊ आलते," मावशी आडव्या झालेल्या सऱ्या दावत म्हणाली. "अजून दोन फेऱ्या झाल्या की कारखान्याला घालायला काय उरत न्हाय."

"उद्या पाळी कुणाची?"

"तात्यांच्या फार्महाऊसवाल्या पावण्यांची."

ते फार्महाऊस मी येताना बघितलं हुतं. आत हिरवळ आणि सिमेंटची दोन हरणं. गवं काय सिमेंट खातात व्हय? मी तसाच तात्याकडं भांडायला निघालो, तर काकानं हात धरला. "भांडलास की ट्रॅक्टर कायमचा गेला. तुझं काय, तू उद्या कोल्हापुरात."

मग भांडलो न्हाय. तात्याच्या दारात जाऊन पायाच पडलो.

"तात्या, मी व्हिडिओ काढतो. तुमचा नि ट्रॅक्टरचा काढायचाय. फेटा हाय का?"

"दोन हायत," तात्या म्हणाले. "फार्महाऊसवर काढू की उद्या, गेट चांगलंय."

"तितं पाठीमागं संडास दिसतोय तात्या. जंगल पायजे. काकाच्या उसात या."

"पावणं काय म्हणतील?"

"व्हिडिओत दिसणार कोण, पावणं का तुमी?"

सकाळी आठला तात्या हजर. इस्त्रीचा शर्ट, भगवा फेटा, ट्रॅक्टर धुतलेला, मागं काकाचं मशीन. काका ब्रेकवर, मी नि मावशी तारंनं जाळी खांबाला बांधायला. पयलं बंडल संपलं तर म्हटलं, तात्या, सूर्य डोळ्यात येतोय, फुडच्या खांबापास्नं परत घेऊ. दुसऱ्याला म्हटलं, तुमी हसला न्हाय. तिसऱ्याला फेटा वाकडा झाला. चौथ्याला मी आंब्यावर चढलो आणि वरनं वरडलो, "आता ड्रोनचा शॉट!" साडेबाराला आख्ख्या उसाला तार. मावशी तोंडाला पदर लावून हसत हुती.

तितंच थांबायला पायजे हुतं. पण मला वाटलं, निदान खरं तरी यावं व्हिडिओत. इचारलं, "तात्या, ही आयडिया कुणाची?"

तात्यानं फेटा सारखा केला. "माझीच. आसंच बसलो हुतो, डोक्यात आलं."

काका तीन पावलांवर, हातात पकड. मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "व्हय. तात्यांचीच."

जेवताना मी भाकरीला हात लावला न्हाय. तांबडा रस्सा हुता, तरीपण. "आसला खोटा व्हिडिओ मी टाकत नसतो," म्हटलं.

"टाकायचा. शब्द दिलायस," काका म्हणाला. "तार काय जल्मभर टिकती? परत वडायची झाली तर ट्रॅक्टर कुणाच्या दारात मागू, तुझ्या?"

कोल्हापुरात आलो. तीन दिवस टाकला न्हाय. तात्याचे चार फोन. चौथ्या दिवशी मावशीचा: "रातच्याला गवं आलते. तारंला नाक लावून उभं ऱ्हायले आणि गेले माघारी. आता टाक की बाबा."

टाकला. पयली कमेंट काकाची, 'तात्या एक नंबर'. ते वाचून मोबाइल फेकून मारावा वाटला. अजून वाटतंय. अंगावर घाम एकाच्या, मशीन त्याच्याच डोक्यातलं, आणि फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर. वर ज्याचं हाय तोच टाळ्या वाजवतोय. सहलीतनं माणूस फोटो आणतो, मी ह्यो राग घेऊन आलो.

परवा पन्हाळ्याकडच्या एका शेतकऱ्यानं मेसेज केला: 'एवढं जड बंडल अॅक्सलवर चढवता कसं?' तात्याला इचारलं तर म्हणाले, "गडी चढवतात." मग काकाला फोन लावला. अर्धा तास बोलला. आधी बंडल आडवं, मग ट्रॅक्टरची लिफ्ट खाली, मग चौकट तिरकी, मग पहार कुठं घालायची. एवढं सलग बोलताना त्याला मी कवा ऐकलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "तात्यांच्याच नावानं लिही."

मी कायच लिहिलं न्हाय. त्या माणसाला सरळ काकाचा नंबर दिला. आसलंच एक मशीन करून पायजे म्हणतोय, रविवारी चाललाय काकाकडं. देण्याआधी एवढंच इचारून घेतलं, ट्रॅक्टर सोताचा हाय का. हाय म्हणाला.