हळदीच्या कडांची कार्डं

१९ जून. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेच्या वाचनालयाचं कपाट आवरायला घेतलं. तळातला डबा उघडला आणि हळदीचा वास आला. आत शब्दवाचनाच्या खेळाची कार्डं होती. जुन्या लग्नपत्रिका कापून, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मीच शब्द लिहिले होते.

देवगाव रंगारीच्या शाळेत नवी होते, तेव्हा पाचवीला हा खेळ घ्यायचे. कार्ड उचलायचं, शब्द वाचायचा. चुकला तो बाद, त्यानं भिंतीशी बसायचं. वर्ग खूश असायचा. मीरा मात्र रोज पहिल्याच कार्डाला बाद व्हायची. एका दुपारी मी डबा काढला, तशी ती उठून भिंतीशी जाऊन बसली.

"अगं, खेळ सुरू तर होऊ दे!"

"मी आधीच बसते बाई. तुमचा येळ तरी वाचंल."

पोरं खदाखदा हसली. मीही हसले. जिला वाचायची सर्वांत जास्त गरज, तिला मी रोज एकच शब्द देत होते, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. दिवाळीनंतर मीरा शाळेत आली नाही. काही वर्षांनी तिचे वडील तिची लग्नपत्रिका देऊन गेले. लग्न झाल्यावर ती पत्रिकाही मी कार्डांसाठी कापली.

डब्यातलं एक कार्ड उलटलं, तर मागं तिचं नाव छापलेलं होतं. पुढं माझ्या अक्षरात 'कणीस'.

२० जून. सकाळी डबा वर्गात नेला आणि नियम सांगितला: चुकेल त्यानं आणखी दोन कार्डं उचलायची.

"मग बाद कोण होणार, मॅडम?" एकीनं विचारलं.

मी पहिलं कार्ड तिच्या हातात दिलं.